यूट्यूबवरून आपलेच व्हिडिओ परत घेताना: पुसट प्रत, रिकामी झिप आणि अर्ध्यावर अडकणारं डाउनलोड

तक्रार बहुतेक वेळा अशी असते: चॅनेल माझं, व्हिडिओ मीच चढवलेले, चढवताना १०८०पी होते. फोनमधली मूळ फाइल आता उरलेली नाही, म्हणून यूट्यूबवरून उतरवून घेतले, तर चित्र पुसट. परत उतरवले, तरी पुसट. नेट बदललं, ब्राउझर बदलला, काही फरक नाही.

फरक पडणारही नाही, कारण दोष नेटचा नाही आणि ब्राउझरचाही नाही. यूट्यूब स्टुडिओतल्या डाउनलोड बटणातून येतंच तेवढं.

स्टुडिओमध्ये, म्हणजे चॅनेल सांभाळायच्या पानावर, ‘कंटेंट’च्या यादीत एखाद्या व्हिडिओवर माउस नेला की तीन टिंबं दिसतात आणि त्यांत ‘डाउनलोड’ असतं. तिथून मिळणारी फाइल एमपी४ असते आणि व्हिडिओच्या आकारानुसार ७२०पी किंवा ३६०पी असते. तुम्ही १०८०पी चढवलं होतं की ४के, याच्याशी या बटणाला देणंघेणं नाही. १०८०पीच्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल असतात. ७२०पीच्या फ्रेममध्ये १२८० गुणिले ७२०, म्हणजे ९,२१,६००. निम्म्याहून जास्त पिक्सेल इथेच गळाले. बोलणाऱ्या माणसाचा चेहराच पडदाभर असेल, तर हे चटकन लक्षातही येत नाही. पण फळ्यावरचं गणित, स्क्रीन रेकॉर्डिंगमधली बारीक अक्षरं, पानांनी भरलेलं झाड असं काही असलं की लगेच डोळ्यांत भरतं. ‘माझे काही व्हिडिओ नीट येतात, काहीच खराब येतात’ असं जे वाटतं, त्याचं कारण बरेचदा हेच असतं. खराब सगळेच आलेले असतात, दिसतं मात्र काहींतच.

अशी फाइल एखाद्या सॉफ्टवेअरमधून पुन्हा १०८०पी करून घेण्यात अर्थ नाही. फाइल फुगते, गेलेला तपशील परत येत नाही.

मग हे बटण कशासाठी? एखादी क्लिप पटकन कुणाला पाठवायची असेल तर उत्तम आहे. एकच व्हिडिओ दिवसातून पाच वेळा उतरवता येतो, वेगवेगळे व्हिडिओ हवे तितके. बटण फिकं दिसत असेल किंवा नसेलच, तर आधी त्या व्हिडिओवर स्ट्राइक (नियमभंगाबद्दल यूट्यूबने दिलेली ताकीद) आहे का, तो हटवला गेलाय का, किंवा त्यात आधीच मंजुरी घेतलेला ऑडिओ ट्रॅक वापरलाय का ते बघा. या कारणांनी डाउनलोड बंद असतं आणि पान कितीही वेळा रिफ्रेश केलं तरी ते चालू होत नाही.

प्रीमियम घेतल्यावर मिळणारं ‘ऑफलाइन’ डाउनलोड हा वेगळाच प्रकार आहे. ते ॲपच्या आत राहतं, ॲपमध्येच चालतं आणि सदस्यत्व संपलं की बंद पडतं. हार्ड डिस्कवर ठेवता येईल अशी फाइल त्यातून हाती लागत नाही, त्यामुळे त्याला प्रत म्हणू नये.

पूर्ण प्रत हवी असेल तर टेकआउट

गूगलची टेकआउट ही सोय २०११ पासून आहे, तरी चॅनेल चालवणाऱ्या कितीतरी जणांना ती ठाऊक नसते. एकेक व्हिडिओ निवडण्याऐवजी इथे ‘माझा साठा बांधून द्या’ अशी मागणी नोंदवायची असते. बांधून तयार झाला की ईमेल येतो. लहान चॅनेल असेल तर काही तासांत, मोठं असेल तर काही दिवसही लागतात. मागणी नोंदवून लगेच ईमेलची वाट बघत बसू नका आणि ‘अडकलं वाटतं’ म्हणून ती रद्द करून नव्याने नोंदवू नका, रांग पहिल्यापासून सुरू होते. खात्याला ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन ही गूगलची जास्तीची सुरक्षा लावलेली असेल, तर काम मुद्दामच दोन दिवसांनंतर सुरू होतं.

पान उघडलं की पहिली अडचण समोरच असते: गूगलच्या जवळजवळ सगळ्या सेवांवर आधीच टिक केलेली असते. मेल, फोटो, ड्राइव्ह, सगळं. तसंच पुढे गेलात तर व्हिडिओंसाठी मागितलेल्या साठ्यात दहा वर्षांचे ईमेल येऊन पडतील. म्हणून आधी ‘डिसिलेक्ट ऑल’ दाबा. यादी इंग्रजी वर्णक्रमाने असल्यामुळे यूट्यूब अगदी तळाशी सापडतं. त्यावर टिक केली की खाली ‘ऑल यूट्यूब डेटा इन्क्लूडेड’ असं बटण दिसतं. बहुतेक जण ते वाचून ‘हो, सगळंच हवंय’ म्हणत पुढे जातात, पण ते उघडा. आत पाहिलेल्या व्हिडिओंचा इतिहास, शोध, कमेंट, प्लेलिस्ट असं बरंच काही असतं. त्यातले व्हिडिओ आणि व्हिडिओंचा मेटाडेटा (शीर्षक, लांबी अशी माहिती) एवढंच ठेवलं तरी काम भागतं. प्रायव्हेट आणि अनलिस्टेड (फक्त लिंक असलेल्यांना दिसणारे) व्हिडिओही यात येतात, त्यांच्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

इथून व्हिडिओ मूळ स्वरूपात मिळतो किंवा एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज असलेल्या एमपी४ मध्ये. म्हणजे तुम्ही चढवलेल्या फाइलशी तो बाइटला बाइट जुळेलच असं धरून चालू नका. मूळ फाइल स्वतःजवळ असेल तर तीच खरी. टेकआउट ही ती नसतानाची सोय आहे, आणि ही सोय स्टुडिओच्या बटणापेक्षा पुष्कळच बरी आहे.

झिप आली, आत व्हिडिओ एकही नाही

ही तक्रार पुसट चित्राइतकीच नेहमीची. साठा तयार झाल्याचा ईमेल येतो, झिप काही केबींची, उघडली तर दोन-तीन रिकामी फोल्डरं. चॅनेलवर शंभर व्हिडिओ असतात आणि माणूस घाबरतो.

व्हिडिओ गेलेले नसतात, मागणी चुकीच्या खात्यावरून गेलेली असते. चॅनेल तुमच्या नेहमीच्या गूगल खात्यावर नसून ब्रँड खात्यावर, म्हणजे चॅनेलच्या नावाने काढलेल्या वेगळ्या खात्यावर असलं, तर टेकआउटच्या लेखी ती दोन वेगळी माणसं. चॅनेल ज्याच्या नावाने आहे, त्या ब्रँड खात्यात जाऊन मागणी करावी लागते. टेकआउटच्या पानावर वरच्या कोपऱ्यातलं गोल चित्र दाबा आणि तिथे चॅनेलचं चित्र दिसतंय की तुमचं स्वतःचं, ते बघा. स्वतःचं दिसत असेल तर खाते बदला. अगदी क्षुल्लक वाटणारी गोष्ट, पण रिकाम्या झिपचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

याचाच एक भाऊबंद आहे: चॅनेल दुसऱ्याच्या खात्यावर, आणि तुम्हाला स्टुडिओतून फक्त संपादनाची परवानगी मिळालेली. तुम्हाला स्टुडिओत सगळे व्हिडिओ दिसतात, तुम्ही रोज त्यावर काम करता, पण तुमच्या टेकआउटमध्ये ते येणार नाहीत. मागणी मालकानेच करायला हवी. एखाद्या मंडळाचं किंवा संस्थेचं चॅनेल असेल आणि ते उघडणारी व्यक्ती आता संपर्कात नसेल, तर हा प्रश्न तांत्रिक राहतच नाही. खातं कुणाच्या नावावर आहे, हे सगळं सुरळीत चालू असतानाच बघून ठेवलेलं बरं. आणि खातं एखाद्या संस्थेच्या वर्कस्पेसमधलं (गूगलच्या संस्थांसाठीच्या सेवेतलं) असेल तर तिथल्या ॲडमिनने टेकआउट बंदही ठेवलेलं असू शकतं. तसं असेल तर त्यांनाच विचारावं लागेल.

डाउनलोड अर्ध्यावर अडकतं, किंवा झिप उघडत नाही

मागणी नोंदवताना एका झिपचा आकार जास्तीत जास्त किती असावा हे विचारतात: १, २, ४, १० किंवा ५० जीबी. इथे काय निवडता यावर पुढचा सगळा ताप अवलंबून आहे. नेट मध्येच तुटत असेल तर ५० जीबीची एकच फाइल मागू नका. ती ४५ जीबीवर तुटली की ब्राउझर बरेचदा पहिल्यापासून सुरू करतो, आणि एक साठा पाचच वेळा उतरवता येतो. उलट १ जीबीचे तुकडे मागितले तर मोठ्या चॅनेलसाठी शंभरएक लिंका दाबत बसावं लागतं. तुमच्या सगळ्यात मोठ्या व्हिडिओपेक्षा एक पायरी वरचा आकार, हा माझ्या मते व्यवहारी हिशोब. अंदाज हवा असेल तर ८ एमबीपीएस (सेकंदाला ८ मेगाबिट) दराने एका तासाचा व्हिडिओ साधारण ३.६ जीबी होतो. झिप केल्याने तो लहान होईल ही आशा सोडा, व्हिडिओ आधीच दाबून बसवलेला असतो.

ही लिंक साधारण सात दिवसच चालते. ईमेल शुक्रवारी आला, ‘पुढच्या शनिवारी निवांत उतरवू’ म्हणून ठेवला, की मागणी पुन्हा नोंदवा. तुकडे उतरवताना मध्येच पासवर्ड पुन्हा विचारला जातो. रात्रभर संगणक चालू ठेवून सकाळी बघितलं तर पाचव्या तुकड्यावर पासवर्डचा चौकोन उघडा, असं होतं. डाउनलोड मॅनेजरला लिंक दिली तर तो याच कारणाने झिपऐवजी लॉगिनचं पान उतरवतो, काही केबींचं. ब्राउझरमधूनच, दोन-तीन तुकडे एकावेळी, हा कंटाळवाणा पण खात्रीचा मार्ग.

तुकड्यांबद्दल एक गैरसमज आहे. ‘सगळे भाग एकत्र असल्याशिवाय उघडणार नाहीत’ असं लोक समजतात. तसं नाही. टेकआउटची प्रत्येक झिप स्वतंत्र असते, तिसरी आधी उघडली तरी चालते. फक्त सगळ्या एकाच फोल्डरमध्ये उघडा, कारण व्हिडिओ एका झिपमध्ये आणि त्याची माहिती दुसऱ्या झिपमध्ये जाऊ शकते.

झिप पूर्ण उतरली, तरी ‘फाइल खराब आहे’ असा संदेश येत असेल तर लगेच परत उतरवू नका. २ जीबीहून मोठ्या झिप ‘झिप६४’ या प्रकारात असतात आणि जुन्या यंत्रणांना तो प्रकार कळत नाही. सेव्हन-झिपसारख्या मोफत सॉफ्टवेअरने उघडून बघा, बरेचदा तीच फाइल नीट उघडते.

आणि मग पेन ड्राइव्हची गंमत. ६४ जीबीचा ड्राइव्ह, ५० जीबी मोकळी, ५ जीबीची फाइल टाकायला गेलं तर ‘फाइल फार मोठी आहे’. ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपर्यंतच मावते, मोकळी जागा कितीही असो. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फॉरमॅट केल्यावर ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा आत काही असेल तर आधी बाजूला काढा.

मराठी नावांचा घोळ

व्हिडिओंना देवनागरीत शीर्षकं देणाऱ्यांच्या वाट्याला हा जास्तीचा त्रास येतो. टेकआउटमधली फाइल व्हिडिओच्या शीर्षकाच्या नावाने येते. शीर्षक लांब असेल तर शेपूट कापलं जातं, प्रश्नचिन्ह किंवा तिरकी रेघ यांसारखी चिन्हं बदलली जातात, आणि दोन फाइलींची नावं सारखी झाली तर पुढे कंसात आकडा लागतो.

व्याख्यानमालेचं चॅनेल असेल तर याचा अर्थ काय होतो ते बघा. सगळी शीर्षकं मालेच्या लांबलचक नावाने सुरू होतात, विषय आणि भाग क्रमांक शेवटी. कापलं जातं ते नेमकं शेवटचंच. फोल्डरमध्ये एकाच नावाच्या वीस फाइली, पुढे एक, दोन, तीन. त्यात भर म्हणजे यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘मराठी’ या शब्दात काना आणि वेलांटी धरून पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट. फाइलच्या नावाची मर्यादा बाइटमध्ये मोजली जाते तिथे आपलं नाव रोमन नावाच्या एक-तृतीयांशातच संपतं.

कोणती फाइल कोणती, हे ठरवायला मेटाडेटाची सीएसव्ही, म्हणजे तक्त्याची साधी फाइल, कामाला येते. त्यात व्हिडिओचा आयडी, पूर्ण शीर्षक आणि लांबी असते. लांबी मिलिसेकंदांत असते, तिला हजाराने भागलं की सेकंद मिळतात, आणि फाइलच्या लांबीशी जुळवता येते. ही सीएसव्ही एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडली तर मराठीऐवजी डोक्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरं दिसतात. फाइल खराब नाही, एक्सेलने ती चुकीच्या पद्धतीने वाचली. कोरी शीट उघडा, ‘डेटा’मधून ‘फ्रॉम टेक्स्ट’ घ्या, आणि फाइलचं मूळ विचारेल तिथे ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ निवडा. चुकीची दिसत असताना चुकूनही ‘सेव्ह’ करू नका, मग ती खरोखरच बिघडते.

विंडोजमध्ये झिप उघडताना ‘पाथ फार लांब’ अशी तक्रार आली तर कारण पुन्हा नावंच. पूर्ण मार्गाला २६० अक्षरांची जुनी मर्यादा आहे. डाउनलोड फोल्डरच्या आतल्या फोल्डरच्या आत उघडण्याऐवजी थेट डी ड्राइव्हवर एका अक्षराच्या नावाचं फोल्डर करून त्यात उघडा.

लाइव्ह आणि इतर ठिकाणं

यूट्यूबवर लाइव्हची नोंद आपोआप राहायची असेल तर प्रक्षेपण १२ तासांच्या आत संपायला हवं. इतरत्र मुदती फार कडक आहेत. फेसबुकवर १९ फेब्रुवारी २०२५ पासून लाइव्ह व्हिडिओ ३० दिवसच राहतात. ट्विच या लाइव्ह प्रक्षेपणाच्या संकेतस्थळावर साध्या खात्याची नोंद ७ दिवस. तिथे ‘कधीतरी उतरवू’ हा पर्यायच नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर स्वतःची माहिती उतरवून घेण्याचा भाग असतो, त्यात मीडियाची गुणवत्ता आणि तारखांचा कालावधी हे दोन खाने हाताने तपासा. गुणवत्ता ‘हाय’ आणि कालावधी ‘सगळा’ केल्याशिवाय मागणी पाठवू नका.

मोठं नाव आहे म्हणजे साठा सुरक्षित, या भरवशावर राहणाऱ्यांसाठी मायस्पेस या एकेकाळच्या मोठ्या सोशल नेटवर्कचं उदाहरण पुरेसं आहे. २०१६च्या आधी लोकांनी चढवलेले फोटो, व्हिडिओ आणि गाणी सर्व्हर हलवताना गेली, आणि कंपनीने हे २०१९ मध्ये मान्य केलं.

दुवा चिकटवा आणि डाउनलोड करा असं सांगणाऱ्या संकेतस्थळांच्या नादी लागू नका. व्हिडिओ तुमचा असला तरी यूट्यूबच्या अटींत ते बसत नाही, आणि तिथल्या चार डाउनलोड बटणांपैकी तीन जाहिराती असतात.

प्रत खरंच झाली का

झिपमध्ये ‘आर्काइव्ह ब्राउझर’ नावाची एक एचटीएमएल फाइल येते. ती लोक उघडतच नाहीत. साठ्यात काय काय आलं आणि काय येऊ शकलं नाही, याची यादी तिच्यात असते, म्हणून पहिली तीच उघडा. मग व्हिडिओंची संख्या स्टुडिओतल्या संख्येशी जुळवा. मग पाच-सहा मोठे व्हिडिओ निवडून प्रत्येकाच्या शेवटच्या मिनिटावर जा. अर्धवट उतरलेली फाइल सुरुवातीला छान चालते, शेवटी दगा देते. रिझोल्यूशन फाइलच्या गुणधर्मांत दिसतं. १०८०पीच्या जागी ७२०पी दिसलं, तर बहुधा तुम्ही नकळत स्टुडिओची फाइल या फोल्डरमध्ये मिसळली आहे.

आवाज येतो पण चित्र काळं, असं झालं तर फाइल टाकून देऊ नका. फोनवरून चढवलेला मूळ व्हिडिओ एचईव्हीसी या कोडेकमध्ये (व्हिडिओ दाबून बसवण्याच्या पद्धतीत) असेल आणि संगणकावरच्या प्लेअरला तो ठाऊक नसेल तर असंच होतं. व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये लावून बघा.

सबटायटल हाताने तयार केलेली असतील तर ती स्टुडिओच्या ‘सबटायटल्स’ भागातून एसआरटी स्वरूपात वेगळी उतरवा. तासाभराच्या भाषणाची सबटायटल पुन्हा टाइप करणं म्हणजे काय, हे ज्याने एकदा केलंय त्याला सांगायला नको.

हे सगळं होईपर्यंत यूट्यूबवरचा एकही व्हिडिओ हटवू नका. तिथे कचरापेटी नाही. हटवलेला व्हिडिओ कायमचा जातो, आणि त्यानंतर केलेल्या टेकआउटमध्ये तो येत नाही.

टेकआउटला वेळापत्रकही लावता येतं: दर दोन महिन्यांनी एक, वर्षभरात सहा. पण दर वेळी संपूर्ण चॅनेल येतं, फक्त नवीन व्हिडिओ नाही, म्हणून शंभर जीबीच्या पुढच्या चॅनेलला ते मला परवडणारं वाटत नाही. त्यांनी एकदा पूर्ण साठा घ्यावा आणि पुढचा प्रत्येक व्हिडिओ चढवण्याच्या दिवशीच मूळ फाइल हार्ड डिस्कवर ठेवावी, नावात तारीख आणि भाग क्रमांक सुरुवातीला. लहान चॅनेलसाठी वेळापत्रक ठीक आहे, फक्त सहावा साठा आल्यावर ते आपोआप थांबतं. पुन्हा लावायचं लक्षात ठेवा.